बहिणीला कुणी विचारलं?

गेल्या पावसाळ्यात टी.व्ही. सेंटरजवळ एका मैत्रिणीच्या घरी आम्ही अपंग मुलांच्या आयांची बैठक ठेवली होती. पंधरा-सोळा जणी आल्या. अपंगत्वाचं प्रमाणपत्र, त्यासाठीच्या खेपा, शाळेची बस, मुलाला कुणाच्या भरवशावर ठेवून कामाला जायचं, असे विषय निघाले. आया भरभरून बोलल्या, दोघी-तिघी रडल्या, आणि बैठक फार चांगली झाली असं आम्ही वहीत लिहूनही ठेवलं.

मुलं मागच्या खोलीत होती. त्यांच्याजवळ आम्ही एका मुलीला बसवलं होतं, "जरा लक्ष ठेव गं" म्हणून. ती नववीतली. तिचा बारा वर्षांचा भाऊ त्या मुलांतच होता. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, चालता येत नाही, त्याचं बोलणं फक्त घरच्यांना कळतं. अडीच तास तिने भावासकट सहा मुलं सांभाळली. एकाने चड्डी खराब केली, ती तिनेच धुतली. चहा फिरला तेव्हा तिचा कप राहून गेला. निघताना एकीने तिच्या पाठीवरून हात फिरवत कौतुक केलं, "किती गुणाची पोर! आईचा अगदी उजवा हात आहे." ती म्हणाली, "मावशी, उद्या माझा गणिताचा पेपर आहे."

यावर कुणालाच काही बोलता आलं नाही. तिची आई खाली बघत राहिली.

बायकांच्या घरकामाला मोल नाही, हे आपण वर्षानुवर्षं सांगत आलो. मोर्चात, पथनाट्यात, या अंकाच्या पानांवर. आणि आपल्याच बैठकीत एका चौदा वर्षांच्या मुलीकडून आपण अडीच तास फुकट काम करून घेतलं, तेही तिला न विचारता. दोष तिच्या आईचा नव्हता, आमचा होता. म्हणून हे संपादकीय त्या मुलीसाठी आणि तिच्यासारख्या सगळ्या भावंडांसाठी.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अपंग व्यक्तींची संख्या २९ लाख ६३ हजारांवर होती. त्यातल्या बहुतेकांना भावंडं असणार. त्यात थॅलेसेमिया, मधुमेह, फिट्स, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा दीर्घ आजार असलेल्या मुलांची भावंडं मिळवली तर हा समुदाय किती मोठा होईल? पण त्यांच्यासाठी जनगणनेत वेगळा रकाना नाही. दवाखान्यात केसपेपर आजारी मुलाचा असतो, समुपदेशन आई-वडिलांचं असतं. आणि डबा घेऊन येणारी, रांगेत उभी राहणारी, रात्री उशाशी बसणारी बहीण कोणत्याच कागदावर नसते.

तिचा दिवस कसा असतो ते जरा बघू. सकाळी आई कामाला जायच्या आत भावाला उठवायचं, त्याचं आवरायचं, भरवायचं. भरवायला पाऊण तास लागतो, कारण घास घशात अडकू नये म्हणून थांबून थांबून द्यावा लागतो. मग शाळा. शाळेतून आल्यावर पुन्हा तोच. ज्या शहरात नळाला आठवडा-आठवडा पाणी आलं नाही अशी वर्षं आपण काढली, तिथे अंथरूण ओलं करणाऱ्या भावाचे कपडे धुवायचे म्हणजे काय, हे मुकुंदवाडीच्या किंवा किराडपुऱ्याच्या मुलीला विचारा. पाण्याचा एकेक ड्रम तिच्या हिशेबात असतो. सहल नको, कारण त्या दिवशी त्याच्याजवळ कोण? क्लास नको, कारण फी त्याच्या औषधाला गेली. मैत्रिणींना घरी बोलवायचं नाही, कारण त्या त्याच्याकडे बघत राहतात.

सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत हे अंतर आकड्यांतही दिसलं. घरच्या माणसांची काळजी घेणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी १३७ मिनिटं देतात, पुरुष ७५. घरकामाला बायका २८९ मिनिटं, पुरुष ८८. ही पाहणी सहा वर्षांवरच्या सगळ्यांची असते. म्हणजे कडेवर भाऊ घेतलेली पोरही या सरासरीत कुठेतरी आहेच. पण सरासरीत चेहरा दिसत नाही.

घरात दोन धडधाकट मुलं असली, एक मुलगा आणि एक मुलगी, तर आजारी भावंडाचं करायचं कुणी, हे आपल्याकडे ठरवावं लागत नाही. ते आधीच ठरलेलं असतं. मुलीच्या वाट्याला हातांनी करायचं काम येतं. मुलाच्या वाट्याला दुसरंच ओझं येतं, "आता तूच आमची आशा." त्याने दोघांपुरतं शिकायचं, दोघांपुरतं कमवायचं, कधी नापास व्हायचं नाही. त्याच्याविषयीही आपल्याला बोललं पाहिजे. पण त्याला निदान आशा म्हणतात. तिला नुसतं "गुणाची" म्हणतात. आणि एकदा गुणाची म्हटलं की तक्रार करायची सोय राहत नाही.

या मुलांच्या मनात काय चालतं? पुढे काही मोठ्या बहिणींशी बोललो, तेव्हा त्यांनी जपून, शब्द निवडत सांगितलं. राग येतो, आणि राग आल्याची लाज वाटते. आई फक्त त्याच्याजवळ बसते म्हणून हेवा वाटतो, आणि लगेच वाटतं, अरे, तो तर आजारी आहे. आपण पळू शकतो, तो पळू शकत नाही, याचीही अपराधी टोचणी असते. लहानपणी एकीला वाटायचं की आपण भांडताना त्याला ढकललं होतं म्हणून त्याला फिट येते. बारा वर्षं हे तिने कुणाला सांगितलं नाही. कुणी तिला आजार समजावूनच सांगितला नव्हता. एका वाक्याचं काम होतं, "बाळा, हे तुझ्यामुळे झालेलं नाही." ते वाक्य डॉक्टर आईशी बोलले, आई वडिलांशी बोलली, तिच्यापर्यंत पोचलंच नाही.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. याच बहिणी भावाचं बोलणं सगळ्यात आधी समजतात. त्याच्यावर हसणाऱ्या पोरांशी त्या भांडतात, त्याला पत्ते खेळायला शिकवतात, त्याच्याशी भांडतातही. आणि भांडणं हा बरोबरीचाच मान असतो. अपंग भावंड म्हणजे संकट, असं आम्हांला मुळीच म्हणायचं नाही. ते म्हटलं तर त्या भावंडावर अन्याय होईल. त्या नववीतल्या मुलीला पुढे एकदा आम्ही मुद्दाम भेटलो, तेव्हा तिनेच आम्हांला हे नीट करून सांगितलं. ती म्हणाली, "मला त्याचा त्रास नाही होत. सगळे सगळं मलाच सांगतात, त्याचा होतो."

मैत्रिणींनो, प्रश्न एवढाच आहे. त्रास भावाचा नाही. त्याचं सगळं करायला घरात एकच हक्काचं माणूस आहे असं घराने, नात्यागोत्याने आणि सरकारनेही धरून चालण्याचा आहे.

ही मुलगी मोठी होते, स्थळं येऊ लागतात, तेव्हा तोच भाऊ लपवायची पाळी येते. बघण्याच्या दिवशी त्याला मावशीकडे पाठवतात. "यांच्यात ते आहे" असं कुजबुजत स्थळ परत जातं. इथे अज्ञान फार नुकसान करतं, म्हणून काही गोष्टी स्पष्ट लिहितो. सेरेब्रल पाल्सी ही जन्माआधी, जन्मताना किंवा जन्मानंतर लवकरच वाढत्या मेंदूला झालेल्या इजेतून येते, ती सहसा आनुवंशिक नसते. डाउन सिंड्रोमच्या शंभरातल्या सुमारे पंचाण्णव मुलांत एकविसाव्या गुणसूत्राची जादा प्रत योगायोगाने आलेली असते, त्याचा बहिणीच्या बाळंतपणाशी संबंध नसतो. उरलेल्या थोड्यांसाठी तपासणी करून घेता येते. स्किझोफ्रेनिया झालेल्यांच्या सख्ख्या भावंडांत तो होण्याचं प्रमाण शंभरात दहाच्या आसपास आहे, म्हणजे नव्वद जणांना तो होत नाही. थॅलेसेमियाचं मात्र वेगळं आहे. आई-वडील दोघंही वाहक असले की प्रत्येक बाळंतपणात आजार होण्याची शक्यता चारात एक असते, आणि निरोगी दिसणारं भावंडही वाहक असू शकतं. वाहक आजारी नसतो. लग्नाआधी रक्ताची एक साधी तपासणी दोघांनी करावी, एवढंच. ही माहिती बहिणीचा हक्क आहे. ती तिला लग्नाच्या बाजारात नव्हे, दवाखान्यात आणि वेळेवर मिळायला हवी.

थॅलेसेमियाच्या घरात आणखी एक प्रश्न उभा राहतो. अस्थिमज्जा बदलायची तर सख्ख्या भावंडाची जुळण्याची शक्यता पुन्हा चारात एक. मग सगळ्या भावंडांचं रक्त तपासतात. जिचं जुळतं तिला सगळे म्हणतात, तू वाचवलंस. जिचं जुळत नाही ती गप्प बसते. आठ-दहा वर्षांच्या मुलीला सुई टोचण्याआधी, काय होणार आहे, किती दुखेल, आणि जुळलं नाही तर तिचा काही दोष नाही, हे तिच्याजवळ बसून कुणी सांगितलं का? तिची संमती म्हणजे आई-वडिलांची सही, एवढ्यावर आपण समाधान मानायचं का?

मराठी नाटक-सिनेमात आई-वडिलांचं दुःख आलं. जयवंत दळवींच्या 'नातीगोती'मध्ये आपण ते पाहिलं आणि रडलो. बहीण मध्यभागी यायला मात्र २००४ साल उजाडलं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई'त स्किझोफ्रेनिया झालेल्या शेषइतकीच त्याची बहीण सीना महत्त्वाची आहे. तिला संसार आहे, आणि भाऊही आहे. तो सिनेमा उभा करण्यात ज्यांचा मोठा वाटा होता ते डॉ. जगन्नाथ वाणी स्वतः अशा घरातले होते. पुण्याच्या 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन'ने रुग्णांबरोबर त्यांच्या घरच्या माणसांचे आधारगट चालवले. काळजी घेणाऱ्यालाही काळजी लागते, हे मराठी समाजात बोलून दाखवणाऱ्या मोजक्या ठिकाणांपैकी ते एक.

आता आई-वडिलांनंतरचा प्रश्न. "आमच्यामागे याचं कोण?" हे वाक्य प्रत्येक आई म्हणते, आणि म्हणताना बहुधा मुलीकडे बघते. कायदा काय म्हणतो? १९५६ चा हिंदू दत्तक व पोटगी कायदा भावंडाला पोसायची सक्ती बहिणीवर करत नाही. ती सक्ती रूढीची आहे. उलट जे कायद्याने तिचं आहे, ते रूढी काढून घेते. १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली देशाने वारसा कायद्यात बदल करून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका वाटा दिला. मुस्लिम बहिणींनाही त्यांच्या कायद्याने वाटा आहे. पण पैठण असो की सिल्लोड, वडील गेले की तेराव्याच्या आसपास हक्कसोडपत्र पुढे येतंच. बहिणी सह्या करतात, "माहेर तुटायला नको" म्हणून. शेत थोरल्याकडे जातं, आणि अपंग धाकटा? तो बहिणीच्या दारी येतो. जमीन भावाला आणि जबाबदारी बहिणीला, ही वाटणी कोणत्या कायद्यात बसते? आणि अपंग भावंड जर मुलगी असली तर तिच्या नावाचा वाटाच नाहीसा होतो, "तिला काय करायचीय जमीन?" म्हणून. बहीण म्हणून तिचाही हक्क आहे, हे आपण विसरू नये.

या बाबतीत एक उपयोगाची गोष्ट. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तीसाठी पालकत्वाचा अर्ज करता येतो. तो जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे करायचा. आई-वडिलांप्रमाणे नातेवाइकालाही करता येतो, म्हणजे बहिणीला, ती लग्न झालेली असली तरी. आई-वडील हयात असतानाच हे बोलावं आणि त्यात बहिणीचं मत विचारावं. तिला व्हायचं असेल तर व्हावं, आणि व्हायचं नसेल तर "नाही" म्हणता यावं. "नाही" म्हणणारी बहीण निर्दयी नसते. कदाचित तिने पंचवीस वर्षं आधीच दिलेली असतात.

हे लिहिताना १९९४ चा फेब्रुवारी आठवतो. शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली जात असल्याचं उघड झालं. पाळीची स्वच्छता त्यांना जमत नाही, असं कारण दिलं होतं. राज्यभरच्या स्त्री-संघटनांनी आवाज उठवला आणि शस्त्रक्रिया थांबवाव्या लागल्या. आपण बरोबरच होतो. बाईचं शरीर कुणाच्या सोयीसाठी कापायचं नसतं. पण त्या वेळी समोरून एक प्रश्न आला होता, "मग त्यांचं करणार कोण?" सरकारने माणसं नेमावीत, असं आपण उत्तर दिलं. ते उत्तर आजही बरोबर आहे. मात्र संस्थेत नसलेल्या, घरात राहणाऱ्या हजारो मुलींची पाळी कोण सांभाळतं, हे आपण पुढे विचारलं नाही. ती आई सांभाळते, आणि आईनंतर बहीण. बहिणीच्या हातांनी सरकारची पुष्कळ बचत केली आहे.

२०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस झाले. जास्त आधार लागणाऱ्या व्यक्तीसाठी काळजीवाहकाच्या भत्त्याची तरतूद त्याच्या चोविसाव्या कलमात आहे. केरळने अंथरुणाला खिळलेल्यांची काळजी घेणाऱ्या घरच्या माणसाला मासिक मदत देण्यासाठी 'आश्वासकिरणम्' योजना काढली. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभागाची घोषणा केली. त्या विभागाकडे आपलं मागणं असायला हवं: भत्ता द्या, आणि त्याबरोबर दिवसाचं सांभाळगृह द्या. भत्ता मिळाला आणि बहीण घरातच राहिली, तर तिचं घरात राहणं आणखी पक्कं होईल. तिला पैशाइतकीच वेळेची गरज आहे.

हा उपाय नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम केलं. थोरल्या मुली शाळेत येत नव्हत्या, कारण कडेवर धाकटं असायचं. त्यावर या दोघींनी मुलींना शिक्षणाचं महत्त्व सांगत बसण्यात वेळ घालवला नाही. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली आणि तिला विकासवाडी म्हटलं. धाकटं पाळणाघरात, थोरली वर्गात. आजच्या बहिणीसाठी हेच करायचं आहे. फक्त आता कडेवरचं मूल बारा, वीस, तीस वर्षांचं आहे.

परदेशातही हा विचार झाला. अमेरिकेत डॉन मायर यांनी १९८० च्या दशकात भावंडांचे मेळावे सुरू केले. मुलं एकत्र जमतात, खेळतात, खातात आणि खेळता खेळता बोलतात. आपल्यासारखंच घर दुसऱ्या कुणाचं तरी आहे, एवढं कळलं तरी मुलाच्या छातीवरचा दगड हलतो. याला मोठा निधी लागत नाही. आपल्या शहरात 'नवजीवन', 'विहंग', 'आरंभ' यांसारख्या संस्थांनी विशेष मुलांच्या शिक्षणाचं काम उभं केलं आहे. अशा शाळांच्या आणि आपल्या बचतगटांच्या मदतीने तिमाहीतून एक रविवार भावंडांचा करता येईल.

आणि घरात? आईवर आणखी एक काम टाकायचं नाही, ती आधीच थकलेली आहे. वडील घरात असतात, काका असतात, धडधाकट भाऊ असतो. भरवणं, धुणं, उचलणं ही कामं बायकी नाहीत. बारा वर्षांच्या मुलाला उचलायला तर पुरुषाचीच पाठ बरी. कामांची यादी भिंतीवर लावा आणि सगळ्यांची नावं लिहा. आठवड्यातला एक ठरलेला वेळ फक्त त्या मुलीचा असू द्या, ज्यात भावाचा विषय निघणार नाही. वर्गशिक्षिकेला घरची परिस्थिती सांगा, म्हणजे गृहपाठ राहिला तर ती मुलगी आळशी ठरणार नाही. आणि कुणी तिला "गुणाची" म्हटलं, की तिला विचारा, "आज काय राहिलं गं तुझं?"

आमच्यापुरतं आम्ही ठरवलं आहे. यापुढे आपल्या कोणत्याही बैठकीत मुलांजवळ कुणाची मुलगी बसणार नाही. आपण कार्यकर्त्या आळीपाळीने बसू, आणि आपल्या नवऱ्यांना नि मुलांनाही बसवू. मागच्या महिन्यात पहिल्यांदा तसं केलं. दोघा पुरुषांची तासाभरात दमछाक झाली, हे इथे आनंदाने नोंदवतो.

ती मुलगी त्या दिवशी आली नव्हती. तिच्या आईने सांगितलं, ती मैत्रिणीकडे अभ्यासाला गेली आहे. भावाला तिचे वडील घेऊन आले होते.

तुमच्या घरात, शेजारात, वर्गात अशी बहीण किंवा भाऊ असेल तर आम्हांला कळवा. तुम्ही स्वतःच ती बहीण असाल तर जरूर लिहा, नाव न घालता लिहिलंत तरी चालेल. पुढच्या अंकाची काही पानं तुमच्यासाठी राखून ठेवत आहोत.

आपल्या,
संपादक मंडळातल्या मैत्रिणी